टेबल कुठे ठेवावे

२ जानेवारी १९९६
गणपतीनंतर या वहीला हात लावला नाही. क्षमस्व. क्षमा कोणाची मागतो आहे ते कळत नाही, वही माझीच आहे. तरी मागितलेली बरी.

आज कारण घडले. सिंधी वस्तीतल्या, कॅम्प चारच्या आमच्या टेबलफॅन कारखान्याला आयएसओ सर्टिफिकेट हवे आहे. दुबईची ऑर्डर त्यावर अडली आहे. त्यासाठी कारखान्यात कोण, कुठे, काय करतो याचे मॅन्युअल लिहायचे. मंघनमल शेठ म्हणाले, "साईं, तुम बी.ए. हो. फरवरी में लिख के दो, क्वालिटी मॅनेजर तुम. नहीं तो बाबा, मैं बाहर से आदमी लाऊँगा."

इतकी वर्षे प्रॉडक्शन क्लार्क. आता पुरे.

३ जानेवारी
पहिले वाक्य लिहिले : 'कंपनीत प्रत्येक माणसाची जागा लेखी ठरलेली असेल, जी लिहिलेली नाही ती जागा नाही.' उत्तम वाक्य. इंग्रजीत तर फारच उत्तम.

मग पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस सुरू झाला. माझे टेबल प्रेसला लागून. प्रत्येक ठोक्याला विचार तुटतो. फोरमन हिरामणला विचारले, तुला याचा त्रास होत नाही? म्हणाला, "होतो ना हरिभाऊ. बंद पडला की होतो."

अशा माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची?

१२ जानेवारी
शेठच्या केबिनचा कोपरा मिळाला. दार आहे, हे महत्त्वाचे. शेठ दिवसभर फोनवर व्याह्यांशी सिंधीत भांडतात. सिंधी येत नसल्याने लक्ष विचलित होणार नाही, असा हिशेब केला होता.

आता बरीच सिंधी समजते.

मॅन्युअल : एक वाक्य.

२२ जानेवारी
गोडाऊनचा माळा. खोकी, थर्माकोल, संपूर्ण शांतता. जेवणानंतर झोप लागली. ही झोप आळसाची की बौद्धिक थकव्याची, याचा प्रामाणिकपणे विचार केला. थकव्याची. खाली उतरलो तर हिरामण सगळ्यांदेखत, "हरिभाऊ, आज कुठल्या गावाला ड्यूटी?" प्रेसवरची माणसे हसली.

मॅनेजर झाल्यावर हसण्याबद्दल एक परिच्छेद घालावा लागेल.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
साप्ताहिक सुट्टी. डबा आणि कागद घेऊन बारवी धरणावर गेलो. एवढ्या शांततेत माणसाला स्वतःचे मन ऐकू येते म्हणतात. कान देऊन बसलो. फारसे काही ऐकू आले नाही.

तासाभराने गुरे राखणारी एक म्हातारी आली. लांबूनच म्हणाली, "ए बाबा, जीव द्यायला नाय ना आलास?" मी म्हटले, मॅन्युअल लिहायला. ती जवळ येऊन बसली. "घरी बायको हाय ना तुझ्या? मग जा घरी." मी एसटीत बसेपर्यंत हलली नाही.

निसर्ग एकाग्रतेला मारक आहे.

१२ फेब्रुवारी
आठवड्याची रजा टाकली. घरीच, खरवईत. वेणूचे टेबल खिडकीशी आहे, ते घेतले. ती घडीची खुर्ची घेऊन जिन्यात बसली. कुंदा म्हणाली, "पोरीची बारावी आहे. थोडी तरी लाज वाटू द्या." रात्री विचार केला : हा स्वार्थ आहे का? नाही. मॅनेजरच्या पगारावरच तिचे कॉलेज व्हायचे. म्हणजे टेबल एका अर्थी तीच वापरते आहे.

वरच्या मजल्यावर फरशी कापणे चालू आहे.

१६ फेब्रुवारी
फरशी थांबली. आता वरच्या बाईंचा मिक्सर. कुंदाला सांगून पाहिले, जरा बोल त्यांच्याशी. ती म्हणाली, "तुम्हाला मसणात नेऊन बसवलं ना, तरी म्हणाल, लाकडं तडतडतायत."

जिन्यात येणारेजाणारे वेणूला ओलांडून जातात. दोन धडे झाले म्हणाली. कोवळे मन कुठेही लागते. परिपक्व मनाला जागा लागते.

१९ फेब्रुवारी
कारखान्यात परतलो. माझ्या टेबलावर एक सल्लागार. रजेत असतानाच आला म्हणे. प्रेस चालू असताना, माझ्या खुर्चीत बसून, दाल-पकवान खात त्याने एका दिवसात मॅन्युअल संपवले. वाचले. कुठल्यातरी पंपाच्या कारखान्याचे आहे, नावे बदललेली. एका पानावर 'पंप' तसाच राहिला आहे. शेठना दाखवले. "साईं, ऑडिटर पंखा देखेगा कि पंप पढ़ेगा?"

फेब्रुवारी अजून संपलेला नाही, हेही नम्रपणे सांगितले. शेठ फोन घेऊन व्याह्यांशी बोलू लागले.

पहिल्या पानावर मात्र माझे वाक्य जसेच्या तसे. टेबलावर सापडले असणार. म्हणजे दर्जा होताच.

२७ मार्च
ऑडिटर परवा येऊन गेला. सर्टिफिकेट मिळणार. पेढे वाटले. क्वालिटी मॅनेजर : सल्लागाराचा मेहुणा.

मॅन्युअलमध्ये सर्वांच्या जागांचा नकाशा आहे. सल्लागाराने लिहिले त्या दिवशी जो जिथे बसला होता, तिथे त्याचे नाव. प्रेस, हिरामण. माझ्या टेबलाच्या जागी कॉम्प्युटर. मी कुठेच नाही, कारण त्या दिवशी कुठेच नव्हतो. टेबल आणि खुर्ची आज उचलून नेली. शेठकडे गेलो. त्यांनी पहिले पान उघडून मलाच वाचून दाखवले. "तुम्हारा ही लिखा हुआ है ना साईं? पगार मिलेगा, घबराओ मत. पर नकाशा एक साल हिलाना नहीं. कहीं भी बैठ जाओ. वैसे भी तुमको टेबल कहाँ जमता है?"

हा एक प्रकारे विश्वासच आहे.

पाचपर्यंत प्रेसशेजारी उभा होतो. हिरामण नुसता सरकला आणि जागा दिली. बोलला असता तर बरे झाले असते. आश्चर्य म्हणजे, तिथे उभ्या उभ्या सबंध मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत डोक्यात सुसंगत तयार झाले. त्यांनी प्रेसचा आवाज कमी केला असावा.

पाय दुखतात. वेणूचा शेवटचा पेपर काल झाला, तेव्हा नैतिक अडचण नाही.

उद्या : जिन्यातली घडीची खुर्ची कारखान्यात नेणे.