मेटाडोरमधला ओटा

१२ फेब्रुवारी १९९१, मंगळवार, संध्याकाळ

कोन गावच्या बसस्टॉपवर रेखा "तुझ्याबरोबर कुठंही राहीन" म्हणाली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेज सोडलं. फीचे पैसे आज नारपोलीच्या गॅरेजात जुन्या मेटाडोरचा बयाणा म्हणून दिले. आत घर करायचंय. मागे पलंग, खिडकीपाशी स्वयंपाकाचा ओटा.

मिस्त्रीचाचांनी विचारलं, "भाभी की हाइट बोल, ओटा उस हिसाब से बनेगा."

मी माझ्या छातीपाशी आडवा हात धरून दाखवला, एवढी.

"अबे, भाभी है कि बच्ची?"

सगळे हसले. मी भडकून निघून आलो. पण खरंच, ती माझ्या खांद्याला लागते की कानाला? तिच्या इतक्या जवळ कधी उभाच राहिलो नाही!

ओट्याची फळी चाचा उद्या कापणार. आजच तिच्या घरी जातो. बाप असला तर असू दे, एकदा तिच्याशेजारी उभा राहतो.

चाललो. दार ओढून घेतो.