मस्कतहून पेणला, आठव्यात

१८ जाने., रवि.
सकाळी बाजार. दुपारी मेघाचा मस्कतहून फोन. तिला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिची आई होती तेव्हाच ठरलं होतं. दिवाळीनंतर आई गेली आणि तो विषय कोणी काढलाच नाही. आज मेघानेच विचारलं, "बाबा, मी येऊ की नको?"
ये म्हटलं. फोन ठेवला आणि घाबरलो. मला येतं काय? चहा, वरण-भात.

२० जाने., मंगळ.
रोह्याला गेलो. मेघाच्या मावशीला, नलूताईंना विचारलं, पेणला येऊन राहाल का. लगेच हो म्हणाल्या. महिना ऐकला आणि भडकल्या.
"आठव्यात वेस ओलांडत नाय, विनायकराव! सातव्यात का नाय आणलीत? मिठाची गुळणी धरली व्हती?"
नवव्यात विमानवाले घेणार नाहीत, म्हटलं. मावशी नको म्हणाली तर मेघा येणार नाही. मलाही एकट्याला जमणार नाही.
माझ्यासाठी जेवणाचा डबा घेऊन स्टेशनपर्यंत आल्या. गाडी डोळ्यांदेखत गेली. दोघे बाकावर बसलो. नलूताईंनी विचारलं,
"त्या विमानाला किती वेळ लागतो?"
"तीन तासांच्या आतच. अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर आहे."
"आणि तुमची पुढली गाडी?"
"तीन तासांनी."
हसायलाच लागल्या. "म्हंजे आपण हितं बसून ऱ्हाणार, तवर पोर येऊन पोचंल! याला काय प्रवास म्हणायचा? बोलवा तिला."
बाकावरूनच फोन लावला. मेघा रडली. नलूताईंनी फोन काढून घेतला, "रडतेस काय गो, बॅग भर."
गाडीत डोळा लागला. कासू स्टेशन कधी गेलं कळलं नाही. बऱ्याच दिवसांनी अशी झोप.

३० जाने., शुक्र.
मेघा आली. डॉक्टरची चिठ्ठी होती, विमानात अडचण आली नाही. जावई सोबत. नलूताईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला.
"मावशी, आठव्यात चालतं का गं?"
"गप. याला प्रवास म्हणत नाय. बाकावर बसून आलीस तू."
मेघा आईच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. मी बाहेर उभा. बाहेर आली आणि म्हणाली, "भूक लागलीय." जीव भांड्यात पडला.

३१ जाने., शनि.
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सगळं ठीक, पण जपायला सांगितलंय. जावई सकाळी परत गेला, बाळंतपणाच्या तारखेला पोचेन म्हणतो. बघू.
मेघाला वालाचं बिरडं हवंय, आईच्या हातचं होतं तसं. नलूताई म्हणाल्या करू.
दुपारी दोघी झोपल्या. वालाचा डबा शोधला, वाल निवडले, धुतले. भिजवायला पाणी किती ते माहीत नाही. बुडतील एवढं घातलं आणि वर ताटली ठेवली.