रा. रा.

॥ श्री ॥
सदाशिव पेठ, पुणे
ता. १२ जून १९६६

चि. अनंतास गोपाळकृष्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. दिवाळीला बायकोमुलीसह घरी येऊ का, असे विचारतोस. पाच वर्षे दरसाल विचारतोस, तेव्हा प्रश्नही जुना आणि उत्तरही. लग्न तू राउरकेल्यास परस्पर केलेस, आम्हांला मागाहून कळवलेस, त्याबद्दल मी आता काही म्हणत नाही. अडतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. माझ्या घरात येईल त्या सुनेला मराठी यावे, इतकेच माझे म्हणणे. तिचे एक पत्र, एकच, तांबड्या शाईची दौत न उघडता मला वाचता आले, की त्या दिवशी दार उघडे. याहून सोपी परीक्षा मी कोणाची घेतलेली नाही.

तिचे मागचे पत्र दुरुस्त करून सोबत पाठवीत आहे. एकतीस चुका. तिचा पाऊस ‘आली’, चहा ‘झाली’ आणि तुझी मुलगी ‘मोठा झाला’. ओडिया भाषेत लिंगभेद नाही, असे तू कौतुकाने लिहितोस. नसेल. पाऊस आणि बाई यांत ती मंडळी फरक कसा करतात, हा त्यांचा प्रश्न.

पण एक चूक हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पत्राच्या मागे, पाठवणाराच्या जागी, तिने ‘श्रीमती श्यामला अनंत लवाटे’ असे लिहिले होते. पत्र आले तेव्हा मी वाचनालयात होतो. तुझ्या आईला मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही, म्हणून कोणाचे पत्र हे तिने पोस्टमनला, आपल्या मच्छिंद्राला, विचारले. त्याने होते ते वाचले. ती उंबऱ्यातच कोसळली. तिकडे लग्न झालेल्या कोणत्याही बाईला श्रीमती म्हणत असतील. आपल्याकडे नवरा असेल ती सौ. आणि नवरा गेलेला असेल ती श्रीमती, एवढे तुला बायकोला सांगता आले नाही? तू जिवंत आहेस हे तुझ्या आईला पटवायला मला अर्धा तास लागला. यापुढे ‘श्रीमती’ असलेले पत्र मी उंबऱ्यावरूनच ‘नाव चूक. न वाचता परत’ असा शेरा मारून मच्छिंद्राच्या हाती देईन.

श्यामला हे मी ठेवलेले नाव ती वापरू लागली, हे एक बरे झाले. मिनती हे माझ्या कानाला ‘विनंती’ बोबडी झाल्यासारखे वाटते. श्यामला म्हणजे सावळी. फोटो पाहून ठेवलेले नाव आहे. त्यात माझा काही दोष नाही.

काल स्नेहसंमेलनाचे जुने फोटो काढून बसलो होतो. तू तिसरीत, डोक्यावर जरीची टोपी, पावसाची कविता म्हणायला उभा. दोन कडवी अशी म्हणालास की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग तिसरे कडवे विसरलास. किती तरी वेळ नुसते ओठ हलत होते. मी पडद्यामागे होतो, पहिला शब्द माझ्या जिभेवर होता. सांगितला नाही. तेव्हापासून तू कविता कधी विसरला नाहीस. काय ते दिवस! शाळेपुढची चिंच, दुपारचा पिवळा उजेड आणि एका सुरात कविता म्हणणारी साठ मुले. अजून कानात घुमते.

प्रकृतीस जपावे. पत्र पाठवताना शुद्धलेखनाकडे लक्ष असावे.

तुझा,
बाबा


॥ श्री ॥
राउरकेला
ता. २ जुलै १९६६

तीर्थरूप बाबांचे चरणी बालके अनंताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तांबडे पत्र मिळाले. मिनतीने ते ओट्याशेजारी खिळ्याला अडकवले आहे आणि भाजी चिरता चिरता पाठ करते. त्यातले चूक कोणते आणि बरोबर कोणते याचा घोटाळा होऊन तीन-चार नव्या चुका तयार झाल्या आहेत, त्या यथावकाश आपल्या सेवेस येतील. श्रीमतीचा दोष मात्र सर्वस्वी माझा. आईचे ऐकून मिनती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी वहीची चार पाने नुसती ‘सौ. सौ. सौ.’ लिहून भरली.

बाबा, इथली गंमत तुम्ही एकदा पाहायला हवी. आमच्या एका जिन्यावर सहा बिऱ्हाडे आणि सहा भाषा. वर बंगाली, खाली सरदारजी, समोर तेलुगू अप्पाराव. भांड्यांना येते ती बाई संथाळी बोलते. नीरजा आता चार वर्षांची आहे. तिची समजूत अशी, की जसा ज्याचा त्याचा चेहरा तशी ज्याची त्याची भाषा. खाली जाऊन पंजाबीत पराठा मागते, समोर जाऊन तेलुगूत भांडते, आईच्या कुशीत ओडियात रडते आणि मराठी फक्त माझ्याशी. मराठीला ती बाबांची भाषा म्हणते. सकाळी मी बाहेर पडलो, की मराठी कामावर गेली, असे सगळ्यांना सांगत सुटते.

अप्पाराव नुकतेच देवनागरी वाचू लागले आहेत. तुमच्या पाकिटावरचे ‘रा. रा. अनंत लवाटे’ त्यांनी मोठ्याने वाचले आणि चकित झाले. तेलुगूत ‘रा’ म्हणजे ये. त्यांचे म्हणणे, तुझे वडील दर पत्रावर तुला ये, ये म्हणून हाका मारतात आणि तू इथे बसून राहतोस, कसला मुलगा आहेस? मी त्यांना ‘राजमान्य राजश्री’ समजावून सांगितले नाही. त्यांना तसेच वाटू दे म्हटले.

आणखी एक. ळ अक्षर फक्त आपले, असे तुम्ही वर्गात सांगायचात. ते ओडियातही आहे. फळ, काळ, शिवाय पखाळ, म्हणजे उन्हाळ्यात खातात तो पाण्यात आंबवलेला भात. मिनती ळ असा म्हणते, की तुम्ही बाकावर उभे केलेल्या निम्म्या मुलांना लाज वाटावी.

तिसरे कडवे मला अजून येत नाही, बाबा. पावसाची कविता निघाली की दुसऱ्या कडव्याशी जीभ थांबते. नीरजालाही दोनच शिकवली आहेत. तिसरे लिहून पाठवाल का?

आठ दिवस अन्नावर वासना नाही. डोळे पिवळट दिसतात, असे मिनती म्हणते. काळजी नसावी. दिवाळीचे पुन्हा एकदा मनावर घ्यावे. आईला नातीचा चेहरा डोळे आहेत तोवर दिसावा, एवढीच आस आहे.

आपला आज्ञाधारक,
अनंत


॥ श्री ॥
राउरकेला
ता. १८ जुलै १९६६

तीर्थरूप बाबा आणि आई यांना सौ. श्यामलाचा नमस्कार. वि. वि.

यांचा ताप उतरली नाही. डोळे, नखे, सगळा अंग हळदीसारखे पिवळे आहे. डॉक्टर म्हणतात की काविळ आहे आणि यकृत फार बिघडला. काल दोन वेळा मला ओळखले नाही. मग ओळखले आणि पाणी मागितले.

तुम्ही या. आईला घेऊन या. अप्पाराव स्टेशनवर येतील, त्यांना हिंदी येते. हे पत्र मी एका बैठकीत लिहिली, वहीत आधी नाही लिहिली, म्हणून चुका असतील. हे पत्र परीक्षेसाठी नाही.

हे रोज विचारतात की बाबांची पत्र आले का, त्यात कडवे आहे का. मी उद्या येईल म्हणते.

लोभ ठेवा. लवकर या.

सौ. श्यामला


॥ श्री ॥
सदाशिव पेठ, पुणे
ता. २५ जुलै १९६६

चि. सौ. श्यामला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दुरुस्त करून सोबत जोडले आहे. चुका नऊ. एकतिसावरून नवावर येणे ही प्रगती आहे आणि ती मी मोकळ्या मनाने मान्य करतो. ताप पुल्लिंगी, तो उतरतो. यकृत नपुंसकलिंगी, ते बिघडते. काविळीतला वि ऱ्हस्व, पण एकटी कावीळ लिहिताना वी दीर्घ. हे आमच्याकडच्या पदवीधरांनाही येत नाही, तेव्हा अर्धाच गुण कापला आहे.

पत्र परीक्षेसाठी नाही, असे लिहिलेस. परीक्षेला बसलेली सगळी मुले हेच म्हणतात. अनंताचे दुखणे मला नवीन नाही. चाचणीच्या सकाळी त्याच्या पोटात हमखास दुखे आणि शाळा सुटली की तो चिंचेखाली सर्वांत पुढे. कावीळ मलाही एके वर्षी झाली होती. उसाचा रस द्यावा, तेल-तूप बंद. तीन आठवड्यांत माणूस उठतो. एवढ्यासाठी मोतीबिंदूच्या बाईला दोन दिवस आगगाडीत बसवण्याचा माझा विचार नाही. तिला मी नऊ चुका झाल्याचे सांगितले, बाकीचे वाचले नाही. ती आनंदली. आता सून येणार म्हणून तिने नातीच्या परकराचे कापड काढून ठेवले आहे.

कडवे पाठवीत नाही. ते त्याला आतून आठवले पाहिजे. पाठ केलेली कविता म्हणजे पाण्याखाली गेलेली पायवाट. पाणी ओसरले की दिसते. तोवर काठावर उभे राहावे.

नऊ चुका राहिल्या. जिद्द सोडू नये, हा आशीर्वाद.

गो. दा. लवाटे


॥ श्री ॥
सदाशिव पेठ, पुणे
ता. २० ऑक्टोबर १९६६

चि. सौ. श्यामला हीस अखंड सौभाग्यवती भव. वि. वि.

ऑगस्टात तुझी दोन पत्रे आली. दोन्हींवर पुन्हा ‘श्रीमती’. मी बोललो होतो तेच केले. शेरा मारून दोन्ही मच्छिंद्राच्या पिशवीत परत टाकली. नवापर्यंत आलेल्या मुलीने पुन्हा पहिल्या पानावर जावे, याचे वाईट वाटले. वहीची चार पाने कमी पडली असतील तर आठ भरावीत.

अनंताची जुलैपासून एक ओळ नाही. त्याला राग आला आहे, हे समजले. लहानपणी असाच गाल फुगवून तीन-तीन दिवस बसे. मी कधी समजूत काढायला गेलो नाही आणि तो कधी चौथ्या दिवसावर गेला नाही. त्याला सांग, आई रोज पोस्टमनची वेळ विचारते. मी तिला सांगतो, सुनेचा अभ्यास चालू आहे.

दिवाळीचे बोलणे या खेपेस नको. उत्तर शुद्ध असावे, ही अपेक्षा.

गो. दा. लवाटे


(पोस्टकार्ड)
राउरकेला
ता. ३० ऑक्टोबर १९६६

ती. बाबांच्या चरणी नमस्कार.

हे कार्ड उघडे आहे, त्यामुळे परत करण्याआधी थोडे तरी वाचले जाईल. माझ्या नावामागे श्रीमती आहे. ती चूक नाही.

हे एकोणतीस जुलैला सकाळी गेले. तुमचे तांबडे पत्र तिसऱ्या दिवशी आले. अप्पाराव तार करा म्हणाले होते. मी नको म्हटले. तार इंग्रजीत जाते. मुलाची बातमी आईबापांना त्यांच्या भाषेत कळावी, असे मला वाटले. पहिल्या पत्रात ती बातमी होती. दुसऱ्यात यांनी आईंसाठी सांगितलेले चार शब्द होते. दोन्ही परत आली.

आदल्या दिवशी हे शुद्धीवर होते. हसले आणि म्हणाले, की मिनती, आता तुझी श्रीमती बरोबर येईल, बाबांना तिच्यात चूक काढता येणार नाही. तेवढे मात्र यांचे चुकले.

नीरजा विचारते, मराठी कामावरून केव्हा परत येणार.

श्रीमती मिनती अनंत लवाटे


सदाशिव पेठ, पुणे
ता. ६ नोव्हेंबर १९६६

मिनतीस आशीर्वाद.

कार्डात चूक नाही. मी ते किती वेळा वाचले ते सांगता येत नाही. आधी चूक शोधत होतो. सापडली असती, तर कार्ड कोणा दुसऱ्याचे असेल असे म्हणता आले असते.

कार्ड आईच्या हाती पडले. कोणाचे म्हणून तिने मच्छिंद्राला विचारले, त्याने नाव वाचले. तिने त्याला पुढचेही वाचायला लावले. मी आत खुर्चीवर होतो, मला ऐकू आले. या वेळी ती कोसळली नाही. आत येऊन तिने विचारले, की ते चार शब्द कोणते. त्यानंतर ती माझ्याशी दुसरे काही बोललेली नाही. सकाळी तेच विचारते, जेवताना तेच विचारते. ते दुसरे पत्र जपून ठेवले असशील तर पाठव. फाडले असशील तर चार शब्द तेवढे लिही, कोणत्याही भाषेत लिही, अप्पारावांकडून तेलुगूत लिहून घे, मी गावभर फिरून वाचणारा शोधून आणीन.

पडद्यामागून मी पहिला शब्द सांगायला हवा होता. मुलगा ओठ हलवीत उभा होता आणि मला वाटले, मी त्याला शिकवतो आहे. तिसरे कडवे सोबतच्या कागदावर लिहिले आहे, नीरजेसाठी, मोठ्या अक्षरात. ती कविता पुरी म्हणू दे. तिची मराठी इथे आहे. आईने परकर हाताने चाचपडत शिवला आहे, टीप वाकडी आहे, तरी घेऊन जा, किंवा इथेच राहा. परीक्षा वगैरे काही नाही. दार दिवसभर उघडे असते, आता ती मला ते लावू देत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांनी बरोबर वाचले होते, असे समज. रा. रा.

तुझा,
बाबा


(पाकीट फोडलेले नाही. पत्ता गोपाळकृष्णांच्या ठसठशीत अक्षरात: चि. सौ. श्यामला अनंत लवाटे, राउरकेला. ‘सौ.’ आणि ‘श्यामला’ या दोन शब्दांखाली तांबडी रेघ. कडेला त्याच तांबड्या शाईत, पण दुसऱ्या, वळणदार हाताने:)

नाव चूक. न वाचता परत.