अक्का, "एक काहीतरी सोड" हे मी म्हणाले होते

प्रिय अक्का,

परवा भाऊजी माझ्याकडे आले होते. हातात सुतळीने बांधलेली एक गुंडाळी होती. तुझ्या स्वयंपाकघरातले गेल्या वर्षीचे कॅलेंडर. "आज नवीन लावलं. ह्याच्यावर ठिकठिकाणी तिचं अक्षर आहे. मला बघवत नाही, शकू. तू ठेव," एवढेच बोलून, चहासुद्धा न घेता ते निघून गेले.

तू गेल्याला सात महिने झाले. या सात महिन्यांत मी तुला उद्देशून एक ओळ लिहिली नाही. तुझ्या मृत्यूविषयी मात्र लिहिले, आणि तेही दुसऱ्या माणसाला दोषी ठरवण्यासाठी. ते लिखाण भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते. तुझे कॅलेंडर वाचल्यापासून मला त्यातल्या एकेका वाक्याची लाज वाटते आहे. म्हणून आज तुला लिहायला बसले.

आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि मी तीन. तू शाळा सोडलीस ती माझी वेणी घालण्यासाठी. पुढे मी पुण्याला गेले, एम.एस्सी. झाले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, इथल्या महाविद्यालयात विभागप्रमुख झाले. लोकांच्या चुका दाखवणे हा माझा व्यवसाय झाला आणि हळूहळू स्वभावही. तुझ्या बोलण्यातले कानडी हेल मी सुधारायचे. भाकरीचा काठ चिरला तर मी तेही बोलून दाखवायचे. तू हसायचीस. "लई शाणी झालीस की गं! आता मलाबी नापास करणार का?" कशाला हसलीस, अक्का? एकदा तरी माझ्या तोंडात मारायला हवे होतेस.

तुझा मधुमेह निघाला तेव्हा मी तो माझ्या ताब्यात घेतला. दुसरा शब्द मला सुचत नाही. दर रविवारी सात रस्त्यामागच्या तुमच्या घरी मी स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि स्वतः बनवलेले निळे द्रावण घेऊन यायचे. लघवीचे आठ थेंब, मग उकळी, मग रंग. निळा राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी. त्यापुढे पिवळा, नारिंगी, आणि विटकरी म्हणजे भरपूर. तू पदर तोंडाला लावून म्हणायचीस, "काय गं हे! एवढी डॉक्टर झालीस आणि बहिणीचं मूत उकळत बसलीस!" भाऊजी बाहेरच्या खोलीत खोकून हसू दाबायचे.

गोळ्या सुरू झाल्या, तू भात सोडलास, गूळ सोडलास. तरीही रंग नारिंगीच्या खाली येईना. तुला झोप नव्हती, पाय जळायचे, क्षुल्लक कारणाने डोळे भरायचे. मला वाटे, तू चोरून काहीतरी खातेस. मी तुझे डबे उघडून पाहिले होते. आठवते? तू डब्यांची झाकणे एकेक करून परत लावलीस.

मग तू माळगे गुरुजींच्या योगासनांच्या वर्गाला जाऊ लागलीस. शाळेतून निवृत्त झालेला एक ड्रिलमास्तर सकाळी सहाला शाळेच्या सभागृहात बायकांना आसने शिकवतो, हे ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली. एका सकाळी मी मुद्दाम पाहायला आले. पंधरा-सोळा बायका जमिनीवर आपापल्या घरची चादर घालून बसल्या होत्या. डोळे मिटून श्वास घेत होत्या, सोडत होत्या. तुझे पद्मासन तर पाहवत नव्हते. डावा गुडघा जमिनीपासून वीतभर वर! मी गुरुजींना विचारले, "आपले शिक्षण किती झाले आहे?"

"सातवी पास, बाई. आन् ड्रिलचा कोर्स."

"आणि मधुमेह बरा करता?"

"बरा कोन करतंय?" ते शांतपणे म्हणाले. "ती गोळी डॉक्टरची. ती सोडायची न्हाय, हे मी पयल्या दिवशीच सांगतो. आसन म्हंजे गोळीची धाकटी भैन हाय. सवत न्हाय."

बायका हसल्या. तूही हसलीस. मला वाटले की ते हसणे माझ्यावर आहे. गुरुजींच्या वाक्याचा अर्थ मी ऐकलाच नाही. त्यांचे व्याकरण तेवढे ऐकले.

सहा महिन्यांत रंग हिरव्यावर आला, अक्का. एकदा तर निळाच राहिला. तू झोपू लागलीस, संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालत जाऊ लागलीस, शेजारणीशी भांडू लागलीस, म्हणजे पूर्वीची झालीस. डॉक्टर मला म्हणाले, "कारण मला नीट सांगता येणार नाही. पण गोळी आहे, खाणं सांभाळलंय आणि त्यांचं ते आसनांचंही चाललंय. गोळी आणि आसनं, दोन्ही चालू द्या." मी घरी येऊन तुला सांगितले की हा डॉक्टर अर्धवट आहे. कारण सांगता येत नाही आणि म्हणे चालू द्या!

तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता. भाऊजी सांगोल्याला दुष्काळी कामावर होते, रविवारी तेवढे घरी यायचे. मला सहा आठवड्यांसाठी पुण्याला, विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाला जायचे होते. तू माझ्यासाठी शेंगाचटणी कुटत होतीस आणि मी तुझ्यासमोर विज्ञान मांडत होते.

"हे बघ अक्का, एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतील तर गुण कशाने आला हे कळत नाही. दोन्हींपैकी एक काहीतरी सोड. मी परत येईपर्यंत. मग बघू तुझ्या गुरुजींचे शास्त्र."

तू मुसळ थांबवलेस. "कुठलं सोडू?"

"ते तू ठरव. तुझा खरा विश्वास कशावर आहे ते तरी कळेल."

मला खात्री होती की तू आसने सोडशील. रंग हिरवाच राहील आणि मी जिंकेन. दिवा, नळी, द्रावणाची बाटली मी तुझ्याकडेच ठेवली, रंग कसा ओळखायचा ते तुझ्याकडून पुन्हा एकदा घोकून घेतले, आणि तुझ्या हातची चटणी घेऊन गाडीत बसले. पुण्यात सहा आठवड्यांत मी तुला दोन पत्रे लिहिली. एकातही विचारले नाही की कोणती गोष्ट सोडलीस.

तार आली तेव्हा मी परतीची बांधाबांध करत होते. इस्पितळात पोहोचले तर तुझा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. मेच्या उन्हात गच्चीवर कुरडया घालताना फरशीने तळवा भाजला होता आणि तुला ते कळलेच नव्हते. शेजारणीने लंगडताना पाहिले तेव्हा उशीर झाला होता. विष अंगभर पसरले होते. तू एकदाच डोळे उघडलेस. माझ्याकडे पाहून म्हणालीस, "शकू, रंग बिघडला गं." मी नर्सला सांगितले की ही भ्रमात बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी तू लिंगैक्य झालीस.

आपल्या रीतीप्रमाणे तुला बसवून नेले. विमानात, म्हणजे त्या सजवलेल्या डोलीत, फुलांत, मांडी घालून, पाठ ताठ. सगळे नमस्कार करत होते आणि मी पाहत होते तुझे गुडघे. दोन्ही जमिनीला टेकलेले. ज्या बहिणीच्या वीतभर वर राहिलेल्या गुडघ्याला मी हसले होते ती आता कोणालाही नावे ठेवता येणार नाहीत अशी बसली होती! मला रडू यायला हवे होते. मला राग आला. त्या रागाला कोणीतरी हवे होते, आणि गर्दीच्या कडेला माळगे गुरुजी टोपी हातात घेऊन उभे होते.

मी सर्वांसमक्ष म्हणाले, "या गुरुजी. आता हिला पुढचे कोणते आसन शिकवणार?"

ते खाली वाकले, तुझ्या विमानाला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेले. लोकांनी मात्र माझे वाक्य उचलले. आसनांच्या नादी लागून गंगाबाई गेल्या! मी त्यावर शाळेच्या समितीला चार पानी पत्र लिहिले. अशिक्षित माणसाने रोग्यांशी चालवलेला खेळ, अशी त्यात शब्दयोजना होती. आठवड्याच्या आत सभागृहाला कुलूप लागले. भाऊजी मला म्हणाले, "बरं झालं तू लिहिलंस." त्या दिवशी मी शांत झोपले, अक्का. तुला हेही कळू दे.

मध्यंतरी तुझ्या वर्गातली पद्मा, ती विणकरांच्या घरातली, मला बाजारात भेटली. "बाई, वर्ग बंद केलात. माझी साखर चढली की परत."

"मग डॉक्टरकडे जा," मी म्हणाले.

"जातेच की! गोळीबी घेते. पर ती डोक्यातली घरघर कोन थांबवणार? तुमी येताव का सकाळी?"

मी पिशवी उचलून पुढे गेले. उद्धट बाई, असे मनात म्हटले.

आणि परवा ते कॅलेंडर आले.

एप्रिलच्या पानावर, मी पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत, तुझे ते शाळकरी गोल अक्षर: "आजपासून गोळी बंद. शकूचा प्रयोग. गुरुजींना सांगायचं नाही, ते करू देणार नाहीत."

मी ते उभ्यानेच वाचले. मग बसले.

पुढच्या चौकटींत तू रंग लिहिले आहेस. एकही दिवस चुकवलेला नाही. माझ्या प्रयोगशाळेत इतकी प्रामाणिक नोंद मी पाहिलेली नाही. हिरवा. हिरवा. "पिवळा. काल आंब्याची फोड खाल्ली, त्यानं असेल." पिवळा. "नारिंगी. श्वास सोडताना घाई होते माझी." नारिंगी. मेचे पान उलटले तर, "विटकरी. गुडघा टेकत नाही, त्यानं असेल. माझंच चुकतंय." विटकरी. विटकरी. "गुरुजींनी विचारलं, गोळी घेता ना? व्हय म्हणाले. देवा, माफ कर." आणि मग, "पायाला फोड. चटका कळला नाही. शकू आल्यावर दाखवू. अजून सहा दिवस."

अक्का, त्या प्रत्येक नोंदीत तू दोष कोणाला दिलास? आंब्याला. श्वासाला. गुडघ्याला. स्वतःला. ज्या वाक्याने तुझा जीव घेतला ते वाक्य तेवढे तू तपासले नाहीस, कारण ते मी म्हटले होते! एवढा विश्वास कोणी ठेवतो का? आख्ख्या गल्लीला उलट उत्तर देणारी तू, मला एकदा "गप गं" म्हणाली असतीस तर आज जिवंत असतीस. सहा आठवडे रोज रंग बिघडताना बघत बसलीस आणि एक कार्ड टाकले नाहीस? मी रागावले आहे तुझ्यावर. खूप रागावले आहे. आणि हा राग काढायला आता जगात कोणी उरलेले नाही.

माझी चूक काय झाली हे आता मला कोणी शिकवण्याची गरज नाही. मी तुला परीक्षानळी समजले. नळीतून एक द्रव्य काढले तर नळीला काही होत नाही. तुझे शरीर गोळी, भाकरी, चालणे, श्वास, बायकांचे हसणे या सगळ्यांनी मिळून सावरले होते. त्यातली आधाराची वीट काढून पाहण्याचा अधिकार मला कोणत्या पदवीने दिला? सातवी पास माणसाला जे ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते.

दोन दिवस ते कॅलेंडर मी कपाटात कुलूप लावून ठेवले. तुझ्यापासून काय लपवायचे? काल दुपारी मनात आले की भाऊजींनी वाचलेले नाही, दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही. हे नाहीसे झाले तर कोणालाही, कधीही कळणार नाही. माझे नाव, माझे पद, भाऊजींच्या मनातले माझे स्थान, सगळे जागच्या जागी राहील. सात महिने ज्याने माझ्यामुळे मान खाली घातली आहे तो म्हातारा ड्रिलमास्तर आणखी थोडी वर्षे तशीच मान घेऊन जगेल, इतकेच. हा विचार मी पूर्ण केला, अक्का. अर्ध्यावर थांबले असते तर तुला अभिमानाने सांगितले असते.

उद्या सकाळी मी आधी भाऊजींकडे जाणार आहे. त्यांना चौकट न् चौकट वाचून दाखवीन. त्यांनी दार लावून घेतले तर ते बरोबरच असेल. तिथून माळगे गुरुजींच्या घरी. त्यांच्या पाया पडेन, आणि त्यांनी पाय मागे घेतले तरी जे सांगायचे ते सांगेन. मग त्यांच्यादेखत, पद्माला आणि तुझ्या वर्गातल्या ज्या ज्या बायका येतील त्यांना घेऊन शाळेच्या समितीपुढे उभी राहीन, माझे पत्र मागे घेईन, आणि माझ्या तोंडाने म्हणेन की गंगाबाईंना आसनांनी मारले नाही. त्यांच्या गोळ्या मी सोडायला लावल्या.

आयुष्यभर मी प्रत्येक व्याख्यान आधी लिहून, खोडून, पुन्हा लिहून नेले. उद्याचे काहीही लिहिलेले नाही. अडखळले तर अडखळेन. पण सांगितल्याशिवाय परत येणार नाही, हे तुला वचन.

तुझीच,
शकू