डावीकडं वळणारं आतडं

प्रिय लिहाले हात धजत नाही, म्हणून नुसतंच प्रेमानंद,

हे पत्र तुले धाडणार नाही. माझं काम तुझ्या हाती लागलं का तुझंच होऊन जाते.

आज धरमपेठेत तुझं व्याख्यान ऐकाले मी मागं बसली होती. माशाच्या पिल्लाचं रूप बदलून मोठा मासा होताना त्याचं आतडं कसं घडते, हे तू सांगून राहिला होता. पडद्यावर फोटो आला अन् पिल्लाच्या फाटक्या शेपटीवरून मी तो ओळखला. फोटो माझा, खाली नाव तुझं. कोणाले ओळखू येऊ नये म्हणून तू तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला होता. या माशाचं आतडं डावीकडंच वळते, हे मले तूच शिकवलं अन् तूच विसरला.

एका मॅडमनं विचारलं, "आतडं उजवीकडे कसं वळलं?"

तू हसला. "फोटो संघमित्रा मेश्रामनं काढलाय. तिनंच उलटा लावला असेल."

उद्या सक्करदऱ्याच्या घरी आई तुले जावई म्हणून वाढंल. तिले मी या फोटोचं अजून काही सांगितलं नाही. चार लोकांत तू आज पहिल्यांदा माझं नाव घेतलं, तेही तुझी चूक माझ्या माथी माराले.

संघमित्रा