खटक्यांना शुद्ध तेल

३ डिसेंबर २००५, शनिवार
सकाळी मारुतीला तेल घालून आलो आणि दुपारी बुलेट घरी आली. नोएडाच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांची. त्यांनी तिच्यावर लडाख केलं आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना फायबरच्या काळ्या पेट्या, किल्लीच्या. लांबच्या प्रवासाची गाडी म्हणजे अशी. फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात दुसरी नाही.

संकल्प: फेब्रुवारीत गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव. शाळा आणि मी एकाच वर्षाचे. दिल्लीहून साताऱ्याकडे मोटरसायकलवर जायचं, मागे पद्मजा, पेट्यांत सामान. पद्मजाला सांगितलं. म्हणाली, आधी भाजी आणा.

पेट्यांचे खटके जरा अडकतात. किल्ली फिरते, पण खटका दाबला तरी सुटत नाही. कर्नलसाहेब म्हणालेच होते, थोड़ा प्यार से खोलना. एका रविवारचं काम.

४ डिसेंबर
रविवार गेला. आधी प्रेमाने, मग मुठीने, मग चपलेने. देविका कॉलेजचा अभ्यास सोडून गॅलरीतून बघत होती. म्हणाली, बाबा, इतना प्यार मत करो, टूट जाएगा. दिल्लीत वाढलेल्या मुलीकडून मराठीत सहानुभूती मिळणं अवघड.

कालचा पालक उजव्या पेटीत आहे. जेवायला पिठलं.

७ डिसेंबर
पालक निघाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

१० डिसेंबर
मार्केटातला मेकॅनिक म्हणाला, नए लगवा लो. हल्ली सगळ्यांचं उत्तर हेच. गुडगावकडे एकामागून एक मॉल उभे राहतायत, लोक फ्रिज बदलतात, घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात. आमच्या शाळेत एकच घंटा होती. तडकली, तरी तीच. तिचा तो चिरका आवाज ऐकून दोन पिढ्या वेळेवर आल्या.

मी कारखान्यात क्वालिटी बघतो. खटक्यात बिघाड नाही, त्याला फक्त समजून घ्यायला हवं.

गावी फोन केला. धाकटा भाऊ दिलीप म्हणाला, दादा, एवढ्या लांब? या वयात? रेल्वे बंद पडली काय? त्याला नीट समजावून सांगितलं. हेडमास्तरांच्या कानावर घालायलाही सांगितलं.

१८ डिसेंबर
पद्मजाशी बोलणं झालं. तिने अट घातली आहे. चौदा जानेवारीला आपलं मराठी मंडळ बसने पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं. ती बसमधून येणार, मी बुलेटवर. पेट्या भरून न्यायच्या, तिथे न कुरकुरता उघडायच्या. जमलं तर ती साताऱ्याला मागे बसेल. नाही जमलं तर ती रेल्वेने जाईल आणि, तिच्याच शब्दांत, तुम्ही आणि तुमचा कर्नल या कसे यायचे तसे.

अट सोपी आहे. वाईट याचं वाटलं की तिला ती घालावीशी वाटली. पण लग्नाला बावीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तिला माझ्या मागे बसवून मी मंडईच्या पुढे नेलेलं नाही, हेही खरं. शाळेच्या फाटकातून दोघांनी एका गाडीवर आत जायचं. बस्, एवढंच डोळ्यांपुढे आहे.

१९ डिसेंबर
मंडळाची बैठक. काला अंबला वाहायचा हार आणि सगळ्यांसाठी तिळगूळ नेण्याची जबाबदारी मी घेतली. अध्यक्ष मुरलीधरराव म्हणाले, हणमंतराव, बसमध्ये जागा आहे की. मी आठवण करून दिली की गेल्या वर्षी बसमध्ये लाडवांवर कोण बसलं होतं. मुरलीधररावांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं. तेच बसले होते.

मी बसच्या आधी पोहोचेन, असंही सांगून टाकलं.

२५ डिसेंबर
नाताळची सुट्टी, स्वच्छ ऊन. पद्मजाने शिवणयंत्राचं तेल पुढे केलं. मी नको म्हणालो. पेटीत तिळगूळ जाणार, वीरांना वाहायचा हार जाणार. त्याशेजारी ते रॉकेलसारख्या वासाचं तेल? मन धजत नाही. पावित्र्य म्हणून काही असतं.

खोबरेल घातलं. शुद्ध, खाता येईल असं. बाटली नेहमीसारखी गच्चीवर उन्हात ठेवलेलीच होती. थंडी सुरू झाली की पद्मजा ती सकाळी उन्हात ठेवते, त्याशिवाय माझ्या डोक्यापुरतंही तेल निघत नाही.

दुपारी दोन्ही खटके लोण्यासारखे चालले. खट्, खट्. देविकालाही बोलावून दाखवलं. तिने ओके म्हटलं. पिढीच्या मानाने ही मोठी दाद आहे.

बुद्धी परमेश्वर देतो. आपण फक्त हात पुढे करायचा.

१ जानेवारी २००६
नवीन वर्षाचे संकल्प: पहाटे उठणे. कमी बोलणे. पद्मजाचं ऐकणे (योग्य असेल तेव्हा).

खटके सकाळी जरा कुरकुरले, दुपारी ठीक. म्हणजे तेल कमी पडतंय. आणखी घातलं.

८ जानेवारी
असली थंडी दिल्लीत इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. गच्चीवरच्या बादलीत बर्फाचा पापुद्रा. खोबरेलाची बाटली दगड झाली. पद्मजाने ती गरम पाण्यात उभी केली, मग माझी आंघोळ.

सकाळी खटके पुन्हा अडकले. दुपारी उन्हात उघडले. विचार केला. खटक्यांना सकाळी आळस येतो, माणसासारखाच. उपाय एकच, तेल. मिळेल तेवढं.

पद्मजाने विचारलं, बाटली इतक्यात कशी संपली? मी म्हणालो, केसांना लागतं. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे पूर्वीसारखं काही राहिलेलं नाही.

१३ जानेवारी, भोगी
लाडू झाले. देविकानेही वळले, लहानमोठे. मोगऱ्याचा हार करोल बागेतून आणवायचा होता, मिळाला झेंडूचा. चालेल, वीरांना फुलाची जात कुठे.

तिन्हीसांजेला लाडू उजव्या पेटीत, हार डाव्या पेटीत. कुलूप लावण्यापूर्वी नवीन बाटली गरम पाण्यात धरून दोन्ही खटक्यांत भरपूर तेल सोडलं. ओघळ खाली आला तेव्हाच थांबलो. आता रात्रभर छान मुरेल.

देवापुढे दिवा लावला. उद्या शनिवार, मारुतीचाच दिवस. योग जुळून येतात ते असे.

१४ जानेवारी, शनिवार, संक्रांत
पहाटे निघालो. बुलेट सुरू व्हायला वेळ लागला, तोपर्यंत बस गेली होती. दिल्ली ओलांडून पुढे धुकं असं की हँडलच्या पलीकडचं दिसेना. बस सापडली. मग तिचा मागचा लाल दिवा धरून चाललो. मागे राहून बसवर लक्ष ठेवलं म्हणायला हरकत नाही. मागच्या खिडकीतून बायका हात हलवत होत्या. पद्मजा हलवत नव्हती.

काला अंबला पोहोचलो तेव्हाही धुकं होतं. सगळे स्मारकापाशी गोल उभे राहिले. मुरलीधररावांनी घसा साफ केला आणि हार मागितला.

किल्ली फिरली. खटका नाही. दुसरी पेटी. नाही. प्रेमाने केलं. मुठीने केलं. एवढ्या लोकांत, त्या जागी, चप्पल काढवेना.

कुणी म्हणालं, ढकला. कुणी म्हणालं, ओढा. मुरलीधरराव हात मागे बांधून शांतपणे म्हणाले, पानिपतात मराठ्यांची रसद दुसऱ्यांदा अडकली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पवित्र जागी हसू नये म्हणून जरा थांबल्या, मग पुन्हा हसल्या. मला मात्र खरंच भरून आलं. उपाशीपोटी लढलेले ते लोक, आणि मी त्यांच्यासाठी आणलेला हार असा पेटीत कोंडलेला.

पद्मजा पुढे आली. वाकून खटका पाहिला, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. अहो, यात काय घातलंत? मी सांगितलं. ती नुसती माझ्या डोक्याकडे, मग त्या पांढऱ्या घट्ट झालेल्या ओघळाकडे, मग पुन्हा माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

मग तिने पिशवीतून थर्मास काढला आणि गरम चहा एका खटक्यावर ओतला. खट्. दुसऱ्यावर ओतला. खट्.

हार वाहिला गेला. तिळगूळ वाटला. चहा दोन पेट्यांनी संपवला, माणसांना मिळाला नाही. त्या थंडीत हे दोघातिघांनी बोलूनही दाखवलं. लाडवांना कसलाही वास नव्हता, याची इथे नोंद करून ठेवतो. रॉकेलच्या वासाचं तेल असतं तर?

निष्कर्ष: पेट्या उघडल्या. अट पूर्ण झाली, असं माझं मत.

१५ जानेवारी
पद्मजाचं मत वेगळं आहे.

१७ जानेवारी
शांतपणे विचार केला. चूक तेलाची नाही, प्रदेशाची. खोबरेल समुद्राकडचं. त्याला हरियाणाची हवा काय मानवणार? जिथे राहायचं तिथलं घ्यावं. इथल्या माणसाचा विश्वास कशावर? तुपावर. इथले पैलवान तुपावर उभे आहेत. शिवाय देवाच्या निरांजनात चालतं, म्हणजे शुद्धतेचा प्रश्नच मिटला.

खटके हल्ली थोडे चिकटही झालेत. चहात साखर होती.

२२ जानेवारी
तूप पातळ करून घातलं, दुपारी, उन्हात. खट्, खट्. पद्मजाला अजून सांगितलेलं नाही. वेळ आली की कळेलच.

संध्याकाळी तिने विचारलं, तुपाची बरणी कुणी काढली? देविका म्हणाली, मैं तो डाएट पे हूँ. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी पोथी उघडली.

२६ जानेवारी
दिलीपचा फोन. हेडमास्तरांनी शाळेच्या फाटकावर कापडी फलक लावायचं ठरवलंय. दिल्लीहून मोटरसायकलवर येणाऱ्या माजी विद्यार्थ्याचं स्वागत. रंगाऱ्याने माझं नाव रंगवलंसुद्धा. दिलीप म्हणाला, दादा, आता विमानाने आलास तरी दारात गाडीवरच उतर.

फोन ठेवला. रस्त्याचा नकाशा काढून बसलो. राजस्थान, गुजरात, मग आपला मुलूख. बोटाने दोनदा जाऊन आलो. कंबर आत्ताच दुखायला लागली.

२९ जानेवारी
पद्मजाने परस्पर रेल्वेची तिकिटं काढली. दोन. मी नकाशाची घडी केली. म्हणाली, फलकाचं मी बघते. गाडी त्याच रेल्वेच्या पार्सलमध्ये टाका. साताऱ्याला उतरवून घेऊ. तिथून गावापर्यंत चालवा की. दिल्लीहून मोटरसायकल आली, तुम्ही आलात. फलकात खोटं काय आहे?

मी विचारलं, आणि मागे कोण बसणार? म्हणाली, पेट्यांवर आहे ते.

म्हणजे अट अजून जिवंत आहे. निर्णय मलाही पटला. खरं तर माझ्या मनात हेच होतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
निजामुद्दीनचं पार्सल ऑफिस. गाडी दुपारची, पण बुकिंगला भल्या सकाळी आलो. हवेत अजून गारवा. टाकीतलं पेट्रोल काढून झालं, गोणपाट गुंडाळायला माणूस उभा. बाबूने नियम सांगितला, बक्से खोलके दिखाओ.

किल्ली फिरवली. मनात मारुतीचं नाव घेतलं.

बाबूने वाट पाहिली. खालून वाकून बघितलं. म्हणाला, इसमें डाला क्या है? मला खोटं बोलता येत नाही. म्हणालो, देसी घी. बाबूने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. असली? मी म्हणालो, घर का. गोणपाटवाल्याने बोटाने थोडं खरवडून वास घेतला आणि मान हलवली. असली है, साहब.

मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं. पण झाकण फिरवल्याचा आवाज ओळखीचा होता. पद्मजाने थर्मास आणला होता. एक नव्हे, दोन. माझ्या अंगावरून पुढे होऊन तिने एका खटक्यावर पाणी ओतलं, मग दुसऱ्यावर. नुसतं गरम पाणी, बिनसाखरेचं. खट्. खट्. बाबूने रिकाम्या पेट्यांत डोकावून शिक्का मारला.

आम्ही बाकावर बसलो. तिने दुसरा थर्मास उघडला. त्यात चहा होता. मला अर्धा कप मिळाला.

कप रिकामा करून मी विचारलं, मग साताऱ्याहून?

म्हणाली, बसेन मागे. सामान दिलीपभाऊजींच्या जीपमधून येईल. पेट्यांत काही ठेवायचं नाही.

मी म्हणालो, बरं.

मग म्हणाली, थर्मास मी मांडीवर घेईन.