दुधातले दाणे आणि सातव्या प्रश्नाचे उत्तर

प्रति,
मा. नैसर्गिक संपदा अधिकारी,
सरोवर कार्यालय, लाँग रीड लेक, मिनेसोटा.

विषय : रानतांदळाच्या काढणीचा दिवस ठरवण्यासाठीची लेखी परीक्षा रद्द करण्याबाबत.
संदर्भ : श्रीमती आर्डिस बेलांजे अनुत्तीर्ण झाल्याचे आपले पत्र, दि. १९ ऑगस्ट.

महोदय,

सोबतच्या पाकिटात बेचाळीस दाणे आहेत. पडले त्याच दिवशी नखाने दाबल्यावर त्यांपैकी एकतीस दाण्यांतून दूध निघाले, म्हणजे ते कच्चे होते. आपण तळे काढणीला खुले केलेत त्या दिवशी, २५ ऑगस्टला, ते माझ्या होडीत पडले.

१. पाण्यात उभ्या तांदळाच्या काढणीसाठी तळे कधी खुले करायचे हे बावीस वर्षे माझी मावशी आर्डिस सांगत आली. देवदाराची काठी कणसाला नुसती टेकवून दाणा होडीत पडला तर होड्या निघतात. नाही तर सगळे घरी परततात.

२. यंदा आपण या कामासाठी परीक्षा ठेवलीत. "नावापुरती आहे, मावशींना बसवा," असे आपण मला, या कार्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून, सांगितलेत. मावशी म्हणाली, "अगं, तांदळाला विचारायचं सोडून मला काय विचारतायत?" तरी माझ्या शब्दाखातर ती बसली.

३. प्रश्न माझ्याच प्रबंधातून काढल्याचे मला निकालानंतर कळले. त्यातल्या नोंदी मी नऊ हंगाम मावशीच्या होडीत बसून, तिला विचारून लिहिल्या होत्या. प्रश्न सातवा : तळे कोणत्या तारखेला पिकते? उत्तरसूचीत २५ ऑगस्ट, म्हणजे माझी सरासरी. अकरा दिवस मागेपुढे होते, हे मी तळटीपेत लिहिले होते. उत्तरसूचीत तळटीप नाही. मावशीने लिहिले, "जाऊन बघावं लागेल." गुण शून्य.

४. उत्तरसूचीतल्या त्याच तारखेला आपण तळे खुले केलेत. दाणा पडेना, म्हणून लोकांनी काठ्या हाणल्या. देठ मोडले. काठावरून कुणीतरी ओरडले, "मावशी, तांदूळ परीक्षेला बसलाच नाही वाटतं!" ती हसली नाही. मला म्हणाली, "प्रश्न तुझ्या प्रबंधातले आहेत, हे आधी सांगायचं होतंस. तुझ्यासाठी तारीखसुद्धा पाठ केली असती."

५. परीक्षा रद्द करून मावशीला तिचे काम परत द्यावे, ही विनंती. हा अर्ज तीन आठवडे माझ्या खणात पडून होता, कारण त्याला पुढचे वाक्य नव्हते. आज सकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात ते मी मोठ्याने बोलले, तेच येथे लेखी देते : "मावशी, मी नोकरी सोडतेय. पुढच्या वर्षी दिवस तू सांग, होडी मी रेटते."

आपली, आजवर विश्वासू,
व्हेरॉनिका डेफो
दि. १५ सप्टेंबर